महाकाय तारे कसे घडतात आणि त्यांच्या वजनाला मर्यादा कशाने येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीपाशी रांग लागली की एक प्रश्न हमखास येतो: "सगळ्यात मोठा तारा कोणता?" उत्तर एका आकड्यात देता येतं, पण तो आकडा, म्हणजे सूर्याच्या किती पट वजन, गेल्या चाळीस वर्षांत अडीच हजारांवरून दोनशेच्या आसपास उतरला आहे. तो का उतरला, हे कळलं की विषयाचा निम्मा भाग कळला. उरलेल्या निम्म्यासाठी दोन गोष्टी मनात वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात. ताऱ्याला किती भरवता येतं, ही एक. भरवल्यावर त्याच्या अंगी किती टिकतं, ही दुसरी. बहुतेक गोंधळ या दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे होतो.

खाली "वजन" हा शब्द बोलीतल्यासारखा, म्हणजे वस्तुमान या अर्थाने वापरला आहे. "२० पट" म्हणजे सूर्याच्या २० पट.

"जड तारा" म्हणायला किती वजन लागतं?

सूर्याच्या साधारण ८ पट. ही रेघ ताऱ्याच्या शेवटावरून ओढलेली आहे. त्याहून हलके तारे म्हातारपणी बाहेरचे थर सोडून देतात आणि मागे श्वेतबटू, म्हणजे विझत जाणारा छोटा, घट्ट गाभा, उरतो. ८ पटींच्या वरच्या ताऱ्यांचा गाभा शेवटी स्वतःच्याच भाराने ढासळतो. त्यातून बहुतेकदा अतिनवताऱ्याचा स्फोट होतो आणि मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर राहतं.

असे तारे फार थोडे. नव्याने जन्मणाऱ्या शंभर ताऱ्यांत सरासरी एकही भरत नाही. एडविन सॉलपीटर यांनी १९५५ मध्ये मांडलेला हिशेब आजही ढोबळमानाने चालतो: वजन दहापट झालं की ताऱ्यांची संख्या साधारण विसाव्या हिश्श्यावर येते.

एवढ्या थोड्या ताऱ्यांची एवढी चर्चा कशाला?

कारण तुम्ही आत्ता घेतलेल्या श्वासातला ऑक्सिजन मुख्यतः अशाच ताऱ्यांच्या पोटात तयार झाला आहे. दीर्घिकेतला वायू ढवळणं, नवे तारे जन्माला घालणारे मेघ दाबणं किंवा उधळून लावणं, ही कामं हेच मूठभर तारे करतात.

मला असा तारा घरून दिसेल का?

दिसेल, आणि ओळखीचाही असेल. मृग नक्षत्रातला लालसर काक्षी १५ ते २० पट जड आहे, निळसर पांढरा राजन्य साधारण २० पट. मात्र मृग "लागतो" तेव्हा, म्हणजे जूनमध्ये, मृग पाहायला जाऊ नका. त्या दिवसांत सूर्यच त्या भागात असतो आणि नक्षत्र दिवसा उगवून दिवसाच मावळतं. डिसेंबर ते मार्चच्या संध्याकाळी पाहा.

त्याहून जवळून काही पाहायचं असेल तर मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे शोधा. त्यांच्या खाली, दक्षिणेकडे, एक धूसर ठिपका दिसेल. तोच मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर. छोटी दुर्बीण लावून पन्नास-साठ पट मोठं करून पाहिलं की धुक्यासारख्या हिरवट राखाडी उजेडाच्या मधोमध चार टिंबं दिसतात, एकमेकांना खेटून, तिरप्या चौकोनात. पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण त्या धुक्याकडेच पाहत राहतात. मी त्यांना म्हणतो, धुकं सोडा, त्या चारांतलं सर्वांत तेजस्वी टिंब धरा. तो तारा ३० पटींहून जड आहे, पृष्ठभागाचं तापमान ४०,००० अंशांच्या घरात, आणि त्यालाही एक जोडीदार आहे. भोवतीचा तेजोमेघ पेटलेला ठेवण्याचं बहुतेक काम तो एकटा करतो. एक तारा काय करू शकतो हे इतक्या सहज दाखवणारी दुसरी जागा माझ्या माहितीत नाही.

सर्वांत मोठा आणि सर्वांत जड यांत फरक काय?

पुष्कळ. काक्षीचा व्यास सूर्याच्या सातशे पटींच्या घरात आहे, पण वजन वीस पटींच्या आत. आजचा सर्वांत जड मानला जाणारा तारा सूर्यापेक्षा रुंदीला तीस-चाळीस पटच आहे आणि वजनाने दोनशेच्या आसपास. म्हातारपणी तारा फुगतो, तेव्हा त्याचं वजन वाढत नाही. उलट थोडं घटलेलंच असतं.

जड तारा घडायला जास्त वेळ लागत असेल ना?

अगदी उलट. सूर्यासारखा तारा मेघातून गोळा झाल्यावर हळूहळू आकसत राहतो आणि त्याच्या गाभ्यात हायड्रोजन नीट पेटेपर्यंत काही कोटी वर्षं जातात. जड ताऱ्याचं आकसणं काही हजार ते लाखभर वर्षांत उरकतं आणि त्याचं एकूण घडणंही लाखभर वर्षांच्या मापात बसतं. तेवढ्यात एवढं वजन गोळा करायचं तर वायू वेगाने पडायला हवा. सूर्यासारख्या ताऱ्यावर वर्षाला सूर्याच्या लाखाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून कमी वायू पडतो. जड ताऱ्यावर दहा हजारावा ते हजारावा हिस्सा.

म्हणून एक विचित्र परिस्थिती तयार होते. तोंडात अजून घास जात असतानाच पोटातली भट्टी पेटलेली असते. तारा पूर्ण तेजाने तळपतोय आणि तरीही वाढतोय. या विषयातली मोठी अडचण इथूनच सुरू होते.

जन्म जसा घाईचा, तसंच आयुष्यही. सूर्याचं आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचं. २० पट ताऱ्याचं ८०-९० लाख वर्षांचं. १०० पट ताऱ्याला जेमतेम ३० लाख वर्षं मिळतात.

मेघ तर लाखो सूर्यांच्या वजनाचे असतात. मग त्यातून एकच प्रचंड तारा का होत नाही?

कारण थंड मेघाला तुकडे पडायची खोड असते. रेणुमेघाचं तापमान शून्याखाली २६० अंशांच्या आसपास. इतक्या थंडीत वायूचा दाब अगदी तोकडा असतो, त्यामुळे सूर्याएवढ्या वजनाचा लहानसा तुकडादेखील स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसू शकतो. साहजिकच मेघ फुटतो तो अनेक छोट्या ताऱ्यांत. म्हणजे खरा प्रश्न असा: त्यातले काही थोडे तारे जड होतात तरी कसे?

यावर दोन बाजू आहेत. क्रिस्टोफर मॅकी आणि जोनाथन टॅन यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असं मांडलं की काही घट्ट तुकडे आतल्या खळबळीच्या आणि चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने न फुटता टिकतात आणि अखंड कोसळतात. तारा जणू आपली शिदोरी बांधूनच येतो. दुसरी बाजू इयन बोनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. त्यांच्या मते सगळे तारे लहानच सुरू होतात, पण तारकापुंजाच्या, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांच्या घोळक्याच्या, मध्यावर बसलेल्यांकडे आख्ख्या मेघाचा वायू ओघळत येतो. जो आधीच थोडा मोठा त्याला जास्त मिळतं, आणि जास्त मिळालं म्हणून तो आणखी मोठा होतो.

निरीक्षणं मला दुसऱ्या बाजूकडे थोडी झुकलेली वाटतात. जड तारे बहुतेक पुंजातच सापडतात, तेही मध्याजवळ, आणि मेघांच्या लांब तंतूंमधून वायू मध्याकडे वाहत येताना रेडिओ दुर्बिणींनी टिपला आहे. पण अखंड टिकलेले जड तुकडेही काही ठिकाणी सापडतात, तेव्हा निसर्ग दोन्ही वाटा वापरत असावा.

तारा पेटला की त्याचा उजेडच पडणाऱ्या धुळीला बाहेर ढकलतो म्हणतात. मग वजन वाढतं कसं?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रकाशाला दाब असतो. आपल्याला तो जाणवत नाही, कारण तो फार हलका आहे. पण २० पट जड तारा सूर्याच्या हजारो पट उजेड ओततो, आणि त्याच्यावर पडणाऱ्या वायूत धूळ असते. धुळीचा वाटा वजनाने शंभरात एक एवढाच, पण प्रकाश अडवण्यात ती पटाईत. खळ्यावर धान्य उफणताना वाऱ्याने भुसा उडतो आणि दाणा खाली पडतो. इथे अडचण अशी की भुसा दाण्याला चिकटलेला आहे. धूळ मागे ढकलली गेली की आदळआपट करत ती वायूलाही सोबत ओढून नेते.

ताऱ्याच्या अगदी जवळ, तापमान साधारण १,५०० अंशांच्या वर जातं तिथे, धूळ जळून वाफ होते आणि उरलेला वायू बऱ्यापैकी पारदर्शक असतो. त्यामुळे अडसर ताऱ्याला लागून नसतो. तो थोडा दूर असतो, धुळीच्या गोल भिंतीसारखा. वायू सगळ्या बाजूंनी सारखा पडतोय असं धरून फ्रांझ कान यांनी १९७४ मध्ये हिशेब केला, तेव्हा ताऱ्याची वाढ ४० पटींच्या आसपास अडकली. आकाशात मात्र त्याहून जड तारे डोळ्यांसमोर होते. गणित बरोबर आणि आकाशही खरं, तर मग चूक गृहीतकात असणार.

चूक होती "सगळ्या बाजूंनी सारखा" या शब्दांत. कोसळणारा मेघ थोडा तरी फिरत असतो. आकसताना फिरकी वाढते आणि वायू ताऱ्याभोवती तबकडीत बसतो. आता उजेडाला कोंडून राहायचं कारण उरत नाही. पातेल्यावरचं झाकण जिथे उचललेलं असेल तिथून वाफ निसटते, तसा बहुतेक प्रकाश तबकडीच्या वरून आणि खालून निघून जातो. तबकडीची कड ताऱ्याच्या नजरेतून पातळ पट्टीएवढी असते. ती थोडाच मार खाते आणि तिच्या आडोशाने वायू आत सरकत राहतो. ताऱ्याच्या दोन्ही ध्रुवांकडून निघणारे झोत मेघात बोगदे पाडतात, उजेडाला आणखी मोकळी वाट मिळते.

मार्क क्रुमहोल्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये संगणकावर हे तिन्ही मितींत चालवून पाहिलं. तबकडी स्वतःच फुटून जुळे तारे झाले, एक सुमारे ४० पट आणि दुसरा सुमारे ३० पट, आणि प्रकाशाचा दाब त्यांना थांबवू शकला नाही. रॉल्फ कुइपर यांच्या गटाने पुढच्याच वर्षी तबकडीतून १०० पटींच्या पुढे वाढ होऊ शकते असं दाखवलं. बारकाव्यांवर वाद आहे, विशेषतः प्रकाशाने फुगवलेल्या बुडबुड्यांतून जड वायू बोटांसारखा खाली घुसतो की नाही यावर. पण भरवण्याच्या वाटेवर ४० पटींची जी भिंत मानली जात होती, ती तबकडीने फोडली.

ही तबकडी कोणी पाहिली आहे का?

हो, पण सोपं नव्हतं. असे तारे दूर असतात, दाट धुळीत गुरफटलेले असतात आणि बाळपण झटपट संपवतात.

२०१० मध्ये श्टेफान क्राउस यांच्या गटाने चिलीतल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जुळवून सुमारे १०,००० प्रकाशवर्षांवरच्या, २० पटींच्या आसपास वजनाच्या एका तान्ह्या ताऱ्याभोवती तापलेल्या धुळीची तबकडी टिपली. २०२३ मध्ये आल्मा दुर्बिणीने आपल्या दीर्घिकेबाहेर, १,६०,००० प्रकाशवर्षांवरच्या मोठ्या मॅजेलनी मेघात, तरुण जड ताऱ्याभोवती फिरणारी तबकडी दाखवली. दुसऱ्या दीर्घिकेत अशी तबकडी सापडण्याची ती पहिलीच वेळ.

मला सर्वांत आवडतं उदाहरण मृगातल्याच तेजोमेघामागचं आहे. तिथे धुळीआड सुमारे १५ पट वजनाचा एक तारा आहे, आणि त्याच्या तबकडीत आल्माला मीठ सापडलं. सोडियम क्लोराइड, आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात असतं तेच, वाफेच्या रूपात. त्या मिठाच्या रेणूंच्या रेडिओ लहरींवरून तबकडीचा फिरण्याचा वेग मोजता आला आणि वेगावरून ताऱ्याचं वजन काढता आलं.

वायू शांतपणे, एका धारेत पडतो असंही नाही. एस२५५ नावाच्या भागातल्या २० पटींच्या एका बाळताऱ्याने २०१५-१६ मध्ये अचानक मोठा घास घेतला आणि त्याचं तेज पाच पटींहून जास्त वाढलं.

तारे एकमेकांवर आदळून जड होत असतील का?

काही होतात. ह्यूग्स साना यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की सर्वांत उष्ण, जड ताऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के तारे आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी वायूची देवघेव करतात किंवा त्याच्यात विलीन होतात. एकटा जड तारा हाच अपवाद. पण सगळेच जड तारे टकरीतून घडतात म्हणायला पुंजात ताऱ्यांची गर्दी अचाट हवी, आणि तेवढी क्वचितच असते. टक्कर हे मुख्य जेवण मानू नका. कधीमधी मिळणारं पक्वान्न माना.

एडिंग्टन मर्यादा म्हणजे काय?

आता दुसऱ्या भागाकडे, टिकण्याकडे. धूळ बाजूला ठेवा. ताऱ्याच्या स्वतःच्या अंगातला तापलेला वायूदेखील प्रकाशाला थोडा अडवतोच. मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाला विखुरतात आणि तसं करताना धक्का खातात. उजेड इतका वाढला की बाहेरचा धक्का आणि आतली गुरुत्वाकर्षणाची ओढ बरोबरीला आली, तर पृष्ठभाग जागेवर राहू शकत नाही. आर्थर एडिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हा विचार मांडला.

आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. सूर्याच्या प्रत्येक एका वजनामागे सूर्याच्या सुमारे ३२,००० पट तेज, एवढीच परवानगी. सूर्य स्वतः एक पट तेज देतो, म्हणून तो निर्धास्त आहे. पण ताऱ्याचं तेज वजनापेक्षा कितीतरी वेगाने वाढतं. मध्यम ताऱ्यांत वजन दुप्पट केलं की तेज दहापटींच्या वर जातं. १०० पट जड तारा सूर्याच्या दहा लाख पटींहून जास्त उजेड देतो आणि परवानगीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे पोचलेला असतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो बऱ्याच लेखांतून सुटतो. फार जड ताऱ्यांमध्ये तेजाची वाढ मंदावते, ती वजनाच्याच प्रमाणात होऊ लागते. त्यामुळे तारा मर्यादेच्या जवळ जवळ जात राहतो, पण अमुक वजनाला ती ओलांडून फुटतो असं होत नाही. एडिंग्टन मर्यादा कड्यासारखी नाही, ती घाटासारखी आहे. चढ वाढत जातो, आणि तारा वाढत्या चढावर वायू सांडत जातो.

हीच का ती चंद्रशेखर मर्यादा?

नाही. हा गोंधळ आपल्याकडे फार होतो, कारण चंद्रशेखरांचं नाव शाळेपासून कानावर असतं. चंद्रशेखर मर्यादा, सूर्याच्या सुमारे १.४ पट, विझलेल्या श्वेतबटूसाठी आहे. आपण बोलतोय ते जळत्या ताऱ्यांबद्दल.

दोन नावं इतिहासात मात्र भिडलेली आहेत. ११ जानेवारी १९३५ ला लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत तरुण चंद्रशेखरांनी आपलं काम मांडलं आणि त्यानंतर लगेच उभे राहून एडिंग्टन यांनी ते सर्वांसमोर मोडीत काढलं. चूक एडिंग्टन यांची होती. ताऱ्याच्या पोटात उजेड काय करतो हे जगाला शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याची मर्यादा मान्य करता आली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी शाळेत १५० पट ही मर्यादा वाचली होती. ती कुठून आली?

आपल्या दीर्घिकेच्या केंद्राजवळ आर्चेस नावाचा दाट तारकापुंज आहे. डोनाल्ड फायगर यांनी २००५ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून तिथले तारे मोजले. जड ताऱ्यांची संख्या नेहमीच्या प्रमाणात घसरत असती तर १३० पटींच्या वर १८ तारे सापडायला हवे होते. एकही सापडला नाही. म्हणून त्यांनी १५० ही वरची कड सांगितली आणि पाठ्यपुस्तकांनी ती उचलली.

काम काळजीपूर्वक केलेलं होतं. शंका वयाची निघाली. तो पुंज वीस लाख वर्षांहून जुना आहे. सर्वांत जड ताऱ्यांचं आयुष्यच तेवढं. पंगत उठल्यावर पोचलेल्या माणसाने "इथे कोणी जास्त जेवणारं नव्हतंच" म्हणावं, तसं काहीसं झालं असण्याची शक्यता राहते.

मग सध्या सर्वांत जड तारा कोणता?

आर१३६ए१. मोठ्या मॅजेलनी मेघात टॅरंटुला नावाचा तेजोमेघ आहे, त्याच्या मधल्या पुंजात हा बसला आहे. नावातला "आर" दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या रॅडक्लिफ वेधशाळेचा.

१९८१ मध्ये काही संशोधकांना आर१३६ हा एकच तारा वाटला आणि त्याच्या प्रचंड तेजावरून त्याचं वजन सूर्याच्या २,५०० पटींच्या घरात निघालं. १९८५ मध्ये गेर्ड वायगेल्ट आणि गेरहार्ड बायर यांनी हवेच्या थरथरीवर मात करणारी पद्धत वापरून दाखवलं की त्याच्या मधल्या ठिपक्यातच किमान आठ तारे आहेत. पुढे हबलने आख्खा पुंजच वेगळा करून दाखवला. २०१० मध्ये पॉल क्राउदर यांच्या गटाने त्यातल्या ए१ ला २६५ पट वजन दिलं, जन्मावेळी ३२० पट. १५० ची मर्यादा एका झटक्यात मागे पडली. २०२२ मध्ये चिलीतल्या जेमिनाय साउथ दुर्बिणीवरून वेणू कलारी यांच्या गटाने आणखी स्पष्ट चित्र घेतलं, आणि आकडा १९६ वर आला, थोडी वरखाली धरून १७० ते २३०.

ते चित्र कसं घेतलं हे सांगण्यासारखं आहे. ताऱ्याकडे एकटक पाहिलं तर हवेच्या हलण्याने प्रतिमा पसरते. म्हणून एका सेकंदाच्या सोळाव्या भागाइतक्या छोट्या वेळाचे ४०,००० फोटो घेतले. इतक्या कमी वेळात हवा जणू गोठलेली असते. मग ते सगळे एकत्र गुंफले. ए१ ला चिकटलेले शेजारी वेगळे दिसले, त्यांचा उजेड ए१ च्या खात्यातून वजा झाला, आणि उजेड कमी म्हणजे वजनही कमी.

१९८१ पासून एकच गोष्ट घडत आली आहे: नजर सुधारली की एका ताऱ्याचे अनेक होतात.

महाराष्ट्रातून तो दिसेल का?

व्यवहारात नाही. मुंबईच्या अक्षांशावर ती जागा दक्षिण क्षितिजाच्या दोनेक अंशच वर येते. गोव्यातून पाच-सहा अंश. तिथली हवा आणि धुकं ती गिळून टाकतं.

ताऱ्याचं वजन मोजतात तरी कसं?

खात्रीची पद्धत एकच: जोडी. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील तर फिरण्याच्या काळावरून आणि वेगावरून वजन थेट निघतं. डब्ल्यूआर२०ए ही अशी जोडी, दोघेही ८० पटींच्या थोडे वर, आणि एक फेरी ३.७ दिवसांत. एनजीसी ३६०३ पुंजातल्या ए१ जोडीतला मोठा तारा सुमारे ११६ पट, त्यातही तीसेक पट इकडेतिकडे. टॅरंटुलातलीच मेल्निक ३४ ही जोडी याहून जड, दोन्ही तारे १२५ पटींच्या वर.

आर१३६ए१ ला असा जोडीदार सापडलेला नाही. त्याचं वजन तेज आणि वर्णपट पाहून, ताऱ्यांच्या प्रतिमानांशी जुळवून काढलेलं आहे. म्हणून १९६ आणि २६५ हे दोन्ही आकडे वाचताना ते तराजूवरचे नाहीत, एवढं ध्यानात ठेवावं.

एवढं वजन घेऊन जन्मला तर तो तसाच राहतो का?

नाही राहत, आणि मर्यादेचा अर्धा खुलासा इथेच आहे. अशा ताऱ्याच्या अंगावरून सेकंदाला दोन हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने वायू सुटत असतो. सूर्याचाही वारा आहे, पण आर१३६ए१ त्याच्यापेक्षा अब्ज पटींहून जास्त वेगाने वजन गमावतो. वय जेमतेम दहा-पंधरा लाख वर्षं, आणि एवढ्यात कित्येक सूर्यांच्या वजनाचा वायू त्याने उधळून टाकला आहे. हा वारा लोखंडासारख्या जड मूलद्रव्यांमुळे जोर धरतो, कारण त्यांचे अणू अतिनील प्रकाश नेमका पकडतात. म्हणून जड मूलद्रव्यं कमी असलेल्या जागी तारे आपलं वजन जास्त राखून ठेवतात.

कधी वारा पुरत नाही, तर उद्रेक होतो. सुमारे ७,५०० प्रकाशवर्षांवरचा ईटा कॅरिनी १८३७ पासून भडकत गेला. जॉन हर्शेल तेव्हा केप ऑफ गुड होपला होते आणि त्यांनी ते प्रत्यक्ष पाहिलं. १८४३ मध्ये तो आकाशात व्याधाखालोखाल तेजस्वी झाला. त्या एका उद्रेकात त्याने किमान दहा सूर्यांइतका वायू बाहेर फेकला, आणि तरी तो शाबूत आहे. हा मात्र आपल्याला दिसतो: एप्रिलच्या मध्याला, रात्री साडेनऊच्या सुमारास, दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर पुण्यातून बारा अंशांवर. द्विनेत्री जवळ ठेवा.

विश्वातले पहिले तारे याहून जड होते का?

बहुधा हो. महास्फोटानंतरच्या वायूत हायड्रोजन आणि हेलियमच होते, धूळ नव्हतीच. भुसाच नाही तर उडणार काय? शिवाय तो वायू नीट थंड होऊ शकत नसे, २०० अंश केल्विनच्या आसपास अडकायचा. त्यामुळे तुकडे मोठे पडायचे आणि वायू वेगाने आत यायचा. वारेही दुबळे. प्रतिमानांत असे तारे दहांपासून शेकडो पटींपर्यंत निघतात.

काही खास परिस्थितीत हजारो, अगदी लाखभर पट वजनाचा तारा होऊ शकतो असंही गणित सांगतं. त्याला थांबवते ती आईनस्टाइनची सापेक्षता. चंद्रशेखरांनीच १९६४ मध्ये दाखवलं की प्रकाशदाबावर तोललेला फार जड तारा सापेक्षतेच्या छोट्याशा परिणामानेही ढासळतो. मागे उरतं ते थेट मोठं कृष्णविवर.

असे तारे मरतात कसे? आणि यात हिंगोलीचा काय संबंध?

जन्मावेळी साधारण १४० ते २६० पट असलेला आणि वजन न गमावलेला तारा शेवटी इतका तापतो की गाभ्यातला प्रकाश इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या जोड्यांत बदलू लागतो. प्रकाशाच्या दाबावर तारा उभा होता, तोच आधार निसटतो. गाभा आकसतो, ऑक्सिजन एकदम पेटतो आणि तारा पूर्ण उधळला जातो. मागे काहीच उरत नाही, कृष्णविवरही नाही. त्यामुळे एका विशिष्ट वजनपट्ट्यात, ढोबळमानाने ५० ते १३० पटींच्या मध्ये, ताऱ्यांपासून बनलेली कृष्णविवरं सापडू नयेत.

२१ मे २०१९ ला गुरुत्वीय लहरींच्या शोधकांनी ८५ आणि ६६ पटींच्या दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकली. ८५ तर या निषिद्ध पट्ट्याच्या ऐन मध्ये. ते आधीच्या एखाद्या टकरीतून बनलं असावं, हे एक स्पष्टीकरण. ताऱ्यांबद्दलचं आपलं गणित सुधारायला हवं, हे दुसरं. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ इथे याच लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ही वेधशाळा सुरू झाली की अशा टकरी आकाशात कुठे झाल्या हे कितीतरी नेमकेपणाने कळेल.

महाराष्ट्रात जड ताऱ्यांच्या जन्मावर काम होतं का?

पूर्वीपासून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण बलूनला टांगून हैदराबादहून वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवली, वारंवार. जमिनीवर हवेतली वाफ हे किरण अडवते, म्हणून एवढा खटाटोप. धुळीत लपलेल्या बाळताऱ्यांच्या कितीतरी जागांचे नकाशे त्यातून तयार झाले. नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, जड ताऱ्यांनी तापवलेल्या वायूच्या रेडिओ लहरी टिपते. मेघाआडचा तारा डोळ्याला दिसत नाही, पण त्याने पेटवलेला वायू खोडदला ऐकू येतो.

शेवटी एकच आकडा सांगा. मर्यादा किती?

आजच्या विश्वात, आपल्या आसपासच्या दीर्घिकांत, जन्मावेळी २०० ते ३०० पट. मी या पट्ट्यावर उभा राहीन. भरवण्याच्या बाजूने पक्की भिंत दिसत नाही, तबकडीने ती वाट मोकळी ठेवली आहे. टिकण्याच्या बाजूने वारा आणि उद्रेक वजन खाली आणत राहतात. आणि इतका जड तारा घडायला लागणारे दाट, तरुण पुंज मुळातच दुर्मीळ आहेत, त्यामुळे वरचं टोक तपासायला नमुनेच थोडे मिळतात. चिलीत ३९ मीटर आरशाची दुर्बीण बांधली जात आहे. ती आर१३६ कडे वळली की ए१ च्या शेजारी आणखी कोणी लपलं आहे का, हे दिसेल.